दाराच्या आत

कमला भागवतांची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे, आणि ती बहुधा एका दाराशी येऊन थांबते. साल १९३३. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली एक मुलगी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे, म्हणजे तेव्हा लोक जिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणत त्या संस्थेकडे, प्रवेशासाठी अर्ज करते. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही याच संस्थेत शिकलेले. त्यामुळे आपण तिथेच जायचं हे घरात जणू ठरलेलंच होतं. पण त्याच वर्षी संस्थेचे संचालक झालेले सी. व्ही. रामन अर्ज नाकारतात. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. मुलगी बंगळुरूला जाऊन त्यांच्यापुढे उभी राहते, हटत नाही, गांधींच्या काळातली असल्यामुळे सत्याग्रहाची भाषा बोलते. शेवटी अटी घालून प्रवेश मिळतो. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांचं समाधान होतं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडतं.

पाठ्यपुस्तकांत, महिला दिनाच्या भाषणांत, मुलांसाठी काढलेल्या चरित्रमालांत ही गोष्ट अनेक भाषांतून सांगितली गेली आहे. कमलाबाईंनी स्वतः ती उतारवयात सांगितली, आणि त्या अपमानाचा सल पन्नास वर्षांनंतरही बोथट झालेला नव्हता. तेव्हा हे दार विसरावं असं कुणी म्हणणार नाही. खटकतं ते इतकंच, की दार उघडलं की सांगणाऱ्याचं कुतूहल संपतं. आत गेल्यावर या मुलीने काय केलं? उत्तरादाखल एखादी ओळ येते, ‘डाळींतल्या प्रथिनांवर संशोधन केलं, पुढे केंब्रिजला सायटोक्रोम सी शोधलं.’ या ओळीचा पूर्वार्ध पुसट आहे आणि उत्तरार्ध चुकीचा. एखाद्या लेखिकेबद्दल आपण फक्त एवढंच सांगितलं, की तिला घरातून विरोध होता, आणि तिची पुस्तकं उघडलीच नाहीत, तर वाचक आपल्याला जाब विचारतील. शास्त्रज्ञ बाईच्या बाबतीत मात्र हे चालून जातं.

तेव्हा या लेखात दाराच्या आत जाऊ. त्यासाठी सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल.

*

मराठीत आपण ‘प्रथिन’ म्हणतो. या शब्दात ‘प्रोटीन’चा ध्वनी आहे आणि ‘प्रथम’चा अर्थही. मूळ शब्दाशी इतकी इमानी राहिलेली भारतीय संज्ञा क्वचितच सापडेल. १८३८ साली स्वीडनच्या बर्झेलियसने डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डरला पत्रातून ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं, ते अग्रस्थानी असलेला अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मुल्डरची समजूत अशी, की हा पदार्थ मुळात वनस्पती तयार करतात आणि प्राण्यांना तो त्यांच्याकडून आयता मिळतो. तपशिलात तो पुष्कळ चुकला, पण नावाच्या जन्मवेळीच वनस्पती पंक्तीत पहिल्या पाटावर बसली होती.

आता शेजारच्या भाषांत डोकावून पाहा. बंगालीत प्रथिनाला ‘आमिष’ असाही शब्द आहे. मराठीत आमिष म्हणजे गळाला लावायचं किंवा माणसाला दाखवायचं लालूच, पण संस्कृतात त्याचा अर्थ मांस, आणि आपल्या ‘निरामिष’ या शब्दात तो अजून जिवंत आहे. मल्याळममध्ये ‘मांस्यम्’, तेलुगूत ‘मांसकृत्तुलु’, उर्दूत ‘लहमियात’, ज्याच्या मुळाशी अरबी ‘लहम’, म्हणजे पुन्हा मांसच. हिंदीत एके काळी ‘प्रोभूजिन’ घडवला गेला, तो कोशात राहिला आणि लोकांनी ‘प्रोटीन’च ठेवला. तमिळमध्ये ‘पुरदम्’. आणि कन्नडमध्ये ‘ससारजनक’. सारजनक म्हणजे नायट्रोजन, ससारजनक म्हणजे नायट्रोजनयुक्त. एकाच पदार्थाला कुणी श्रेष्ठत्वावरून, कुणी उगमावरून आणि कुणी घटकावरून नाव दिलं आहे. अनुवादकाला अशा ठिकाणी थांबावंच लागतं, कारण प्रत्येक नाव ही एक छोटी उपपत्ती असते.

यातली मांसाची उपपत्ती युरोपातही जुनी. बोलोन्याच्या बेकारीने १७२८ मध्ये गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्याखाली धुतधुत स्टार्च काढून टाकला, तेव्हा हातात जो चिवट लगदा उरला तो रासायनिकदृष्ट्या प्राणिज पदार्थासारखा वागला. आज आपण त्याला ग्लूटेन म्हणतो. धान्यातून मांसासारखं काही निघावं याचं तेव्हाच्या विद्वानांना आश्चर्य वाटलं. ‘मांसकृत्तुलु’ म्हणत कुणी तुरीच्या डाळीबद्दल बोलतो तेव्हा तेच आश्चर्य त्या शब्दात गोठलेलं असतं. कमला भागवत बंगळुरूच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि कामाला बसल्या, त्या नेमक्या या सांध्यावर. दूध, डाळी, कडधान्यं. म्हणजे ज्या देशात कोट्यवधी लोकांना मांस मिळत नाही किंवा ते खात नाहीत, त्या देशाचं ‘मांस’.

*

त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक होते आणि कामाच्या बाबतीत उदार. विषय प्रथिनांचा. भारतातल्या रोजच्या आहारातल्या कडधान्यांची प्रथिनं वेगळी काढून तपासणारं त्या काळी जवळपास कुणी नव्हतं.

अशा प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. कडधान्य दळायचं, मिठाच्या पाण्यात खलायचं, गाळायचं. गाळलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट थोडं थोडं घालत जायचं. एका ठरावीक प्रमाणाला एक प्रथिन साक्यासारखं खाली बसतं, आणखी घातलं की दुसरं. मग ते पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, म्हणजे क्षार बाहेर जातात आणि प्रथिन आत राहतं. एवढं झाल्यावर ते किती मिळालं हे मोजायचं. मोजण्याची पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या केल्डालने १८८३ मध्ये दिली होती. नमुना तीव्र गंधकाम्लात तासन्‌तास उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा आणि थेंब थेंब मोजून त्याचा हिशेब करायचा. हे सगळं करताना प्रथिन नासतं, उष्णतेने गोठतं, बुरशी धरतं. ‘रात्री-अपरात्री काम करावं लागेल’ ही अट अपमान म्हणून घातली गेली असेल, पण प्रथिनांवर काम करणाऱ्या कुणालाही घड्याळ पाहून घरी जाता येत नाही. ही अट पुरुष विद्यार्थ्यांना मुद्दाम घालायची गरज वाटली नव्हती, एवढाच फरक.

केल्डालची पद्धत खरं तर प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलावरची व्याख्या कन्नड शब्दाची आहे, ससारजनक. ही सोय आहे आणि तीच तिची फट. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही चाचणीत सकस दिसतं. या प्रकरणात बाळं दगावली. पदार्थाचं नाव आणि पदार्थाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या क्रूरपणे क्वचितच समोर आलं असेल.

कमलाबाईंची पिढी नेमकी या प्रश्नावर उभी होती. प्रथिन किती आहे हे कळलं, पण ते करतं काय? त्याआधी थोडीच वर्षं, १९२६ मध्ये, अमेरिकेत कॉर्नेलच्या जेम्स सम्नरने एका शेंगवर्गीय बीपासून युरिएज नावाचं एंझाइम स्फटिकरूपात वेगळं केलं आणि सांगितलं, की एंझाइम म्हणजे प्रथिनच. हे बी ‘जॅक बीन’चं, आपल्या अबईच्या शेंगांच्या जातकुळीतलं. सम्नरला एकच हात होता, दुसरा लहानपणी शिकारीच्या अपघातात गेला होता. जर्मनीतल्या मोठ्या नावांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. १९३० मध्ये नॉर्थ्रॉपने पेप्सिनचे स्फटिक मिळवले तेव्हा कुठे वारं फिरलं, आणि १९४६ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. म्हणजे १९३३ ते १९३६ या काळात बंगळुरूत ही मुलगी डाळींची प्रथिनं वेगळी करत होती, तेव्हा प्रथिन ही नुसती शरीर बांधायची वीट आहे, की काम करणारा कारागीर, हा वाद ताजा होता. १९३६ मध्ये तिने हा प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि एम.एस्सी. मिळवली.

दार पुढे सगळ्यांसाठी सताड उघडं झालं असंही समजू नये. १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर वर्षानुवर्षं काम केलं, प्रबंध लिहिला, आणि मद्रास विद्यापीठाने एम.एस्सी. नसल्याचं कारण सांगून त्यांना पीएच.डी. नाकारली.

*

१९३७ च्या अखेरीस कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला पोचल्या. न्यूनम कॉलेज, आणि फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा जीवरसायनशास्त्र विभाग. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हॉपकिन्स स्त्री संशोधकांना जागा देण्यासाठी ओळखले जात. जागेची तिथे खरोखरच टंचाई होती. कमलाबाई सांगत, की डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं आणि स्वतःचं काम ते रात्री करू लागले. बंगळुरूला प्रवेशाची अट म्हणून रात्र तिच्या वाट्याला आली होती, इथे मार्गदर्शकाने ती आपल्याकडे घेतली.

रिक्टर यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध १९३८ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आला. विषय, प्राण्यांमधली फिनोलेज एंझाइमं आणि अ‍ॅड्रेनलिन. कापलेलं सफरचंद किंवा बटाटा तांबूस-काळा पडतो तो याच कुळातल्या एंझाइमांमुळे. मग रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल हे त्या वेळी प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासाला वळण देणारे प्रयोग करत होते. पानातली हरितलवकं बाहेर काढली, तरी प्रकाशात ती ऑक्सिजन सोडतात हे त्यांनी त्याच सुमारास दाखवलं. त्या टेबलाशेजारी कमलाबाईंनी हात घातला तो वनस्पतींच्या श्वसनाला.

इथे ‘सायटोक्रोम सी शोधलं’ हे वाक्य दुरुस्त करावं लागतं. सायटोक्रोमची कहाणी १८८० च्या दशकापासूनची आहे. वुल्व्हरहॅम्प्टनचा एक डॉक्टर, चार्ल्स मॅकमन, तबेल्यावरच्या माळ्यात केलेल्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे स्नायू वर्णपटदर्शकाखाली पाहत असे. त्याला रक्ताच्या रंगद्रव्यापेक्षा वेगळे काळे पट्टे दिसले. होप्पे-झायलर या जर्मनीतल्या दिग्गजाने ते अमान्य केलं आणि विषय मिटला. केंब्रिजच्या डेव्हिड कायलिनला १९२५ मध्ये तेच पट्टे पुन्हा दिसले, आधी माशांच्या आणि पतंगांच्या स्नायूंत, मग साध्या यीस्टमध्ये. यीस्टचं पाणी हवेत जोरात हलवलं की पट्टे पुसट होतात, भांडं स्थिर ठेवलं की परत उमटतात. श्वास घेणं डोळ्यांना दिसत होतं. कायलिनने मॅकमनचं ऋण मान्य केलं आणि या द्रव्यांना सायटोक्रोम, म्हणजे पेशीतलं रंगद्रव्य, हे नाव दिलं. सायटोक्रोम सी हे त्यातलं एक. लोह असलेलं हे छोटं प्रथिन इलेक्ट्रॉनांची पोच करतं. ते ज्याच्या हवाली करतं ते सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एंझाइम शेवटी त्यांची ऑक्सिजनशी गाठ घालून देतं. सायनाइड माणसाला मारतं ते याच शेवटच्या पायरीवर.

प्रश्न असा होता, की झाडंही असाच श्वास घेतात का? प्राणी आणि यीस्ट यांच्यापुरतं ठीक होतं. पण बटाट्यासारख्या कंदात हे शेवटचं काम फिनोलेज करतं, असं मानणारा एक पक्ष तेव्हा होता. पट्टे पाहायचे तर हिरव्या पानातलं हरितद्रव्य आड येतं, म्हणून हरितद्रव्य नसलेली ऊती बरी. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात केली आणि मग इतर वनस्पतींकडे वळल्या. फिनोलेजची ओळख त्यांना रिक्टर यांच्या टेबलावर झालेलीच होती. हिल आणि भागवत यांची टिपणी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली, सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी. म्हणजे कमलाबाईंनी नवं द्रव्य शोधलं असं म्हणणं बरोबर नाही. श्वासाची जी रीत प्राण्यांत सापडली होती ती वनस्पतींतही आहे, हे दाखवण्यात त्यांचा वाटा होता. माझ्या मते हे नव्या द्रव्याच्या शोधापेक्षा मोठं विधान आहे. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा झाला, काम चौदा महिन्यांत पुरं झालं, आणि १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

त्यामुळे त्यांच्या नावामागे ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ ही पदवी लागली. इथेही शब्दांकडे नीट पाहावं. केरळच्या जानकी अम्मल यांनी वनस्पतिशास्त्रात मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळवली होती. ‘पहिली’ हे विशेषण कुठल्या पदवीला काय म्हणतात यावर अवलंबून असतं, आणि त्याने दोघींच्याही कामात काही भर पडत नाही.

*

पुढे या प्रथिनाचं जे झालं ते साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावं असं आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. प्राण्यांमधल्या सायटोक्रोम सीमध्ये साधारण १०४ मणी असतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अशा माळा मण्यामण्याने वाचता येऊ लागल्या, आणि घोडा, कोंबडी, ट्यूना मासा, यीस्ट अशा अनेकांचं सायटोक्रोम सी वाचलं गेलं. माणसाच्या आणि चिंपांझीच्या माळेत एकाही मण्याचा फरक नाही. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्यात एकाचा आहे. जसजसं नातं लांबचं तसतसे फरक वाढत जातात. १९६७ मध्ये फिच आणि मार्गोलियाश यांनी वीस जातींच्या या माळा शेजारी ठेवल्या आणि केवळ त्यांतल्या फरकांवरून जीवसृष्टीचा वंशवृक्ष काढून दाखवला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली १९६६ मध्ये. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली हस्तलिखितं शेजारी ठेवून, पाठभेद नोंदवून, कुठली प्रत कुठल्या प्रतीच्या कुळातली हे ठरवण्याची ती पद्धत. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ती मांडली १९३३ मध्ये, म्हणजे कमला भागवत बंगळुरूच्या दाराशी उभ्या होत्या त्याच वर्षी. नकल करणाऱ्याची चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते, म्हणून समान चुकांवरून नातं कळतं. हे सुखटणकरांना भूर्जपत्रांवर आणि ताडपत्रांवर दिसलं, फिच आणि मार्गोलियाश यांना प्रथिनात. या दोन पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण गव्हाच्या सायटोक्रोम सीमध्ये इतके पाठभेद असूनही ते बैलाच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजबरोबर नीट काम करतं, हे वाचलं तेव्हा मला शब्द बदलूनही अर्थ पोचवणाऱ्या संहितांची आठवण झाली. वनस्पतीचा आणि प्राण्याचा श्वास एकच आहे, हे १९३९ चं विधान इथे मण्यामण्याने खरं ठरलं.

पाठभेदांवरून आणखी एक. ‘बायोकेमिकल जर्नल’मधल्या नावात ‘भागवत’ रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहिलं आहे, आपल्याकडच्या लेखांत ते ‘डब्ल्यू’ने येतं, आणि १९४७ नंतर त्या सोहोनी झाल्या. हिल यांच्याबरोबरचा सविस्तर निबंध १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला तो मात्र भागवत या नावानेच. ग्रंथालयाच्या यादीत त्यामुळे एकाच बाईच्या तीन बायका होतात. ज्यांना त्यांचं काम वाचायचं आहे त्यांना आधी ही पाठचिकित्सा करावी लागते.

*

पीएच.डी. झाल्यावर परदेशात राहता आलं असतं, पण कमलाबाई १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. आज हैदराबादला असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ते मूळ घर. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि १९४९ पासून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. आता दाराच्या आतल्या बाजूला त्या स्वतः होत्या आणि विद्यार्थी बाहेरून येत होते.

या मुलांना त्यांनी दिलेले विषय बाजाराच्या पिशवीतून उचलल्यासारखे आहेत. नीरा, ताडगूळ, वाल, डबल बी, पालेभाज्या. नीरेवरचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं आणि दहा-बारा वर्षं चाललं. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती आणि ताडी काढणाऱ्यांपुढे पोटाचा प्रश्न. पहाटे उतरवलेली, न आंबलेली नीरा आणि तिचा गूळ यांत जीवनसत्त्वं आणि लोह किती आहे, ते टिकतं किती, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना त्याने फरक पडतो का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि चरित्रांत हेच ठळकपणे येतं.

मला जास्त मोलाचे वाटतात ते वाल. वालाचं बिरडं आपल्याकडे सणाचं. कडवे वाल रात्री भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात एकेक सोलायचा. हेच कडधान्य गुजरातेत वाल-पापडी, कर्नाटकात ‘अवरे’. सोललेल्या अवरेसाठी बंगळुरूत हिवाळ्यात लोक वाट पाहत असतात. तमिळनाडूत ‘मोच्चै’, बंगालात ‘शिम’. भरपूर प्रथिन असलेलं बी. पण त्या प्रथिनांतच एक असं असतं, की जे आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला गप्प करतं. ट्रिप्सिन हे खाल्लेली प्रथिनं कापणारं एंझाइम. माळेतल्या ठरावीक मण्यांपाशीच ते कात्री चालवतं. वालातलं हे प्रथिन नेमकं तसाच मणी पुढे करून कात्रीच्या पात्यांत शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. कात्री मिटते, पण काही कापत नाही. बीच्या बाजूने पाहिलं तर हे संरक्षण आहे, कीड लागू नये म्हणून. खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ताटात प्रथिन आहे आणि पोटात पोचत नाही.

कच्चं सोयाबीन उंदरांना मानवत नाही आणि शिजवलेलं मानवतं हे अमेरिकेत १९१७ मध्येच लक्षात आलं होतं. १९४० च्या दशकात कुनिट्झने सोयाबीनमधल्या या रोधकाचे स्फटिक मिळवले. मुंबईत कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने भारतीय खाद्यपदार्थ एकामागून एक घेऊन त्यांतले ट्रिप्सिन-रोधक मोजायला घेतले, आणि १९५५ मध्ये वाल आणि डबल बी यांतले रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याची टिपणी ‘नेचर’मध्ये आली. सोळा वर्षांपूर्वी त्याच पत्रिकेत केंब्रिजहून त्यांचं नाव गेलं होतं. आता ते मुंबईहून गेलं, एका सहलेखकाबरोबर, मंडईत मिळणाऱ्या दोन कडधान्यांसाठी.

या ठिकाणी ‘आपल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाल सोलल्याने रोधक जात नाही, तो सालीत नसून दळात असतो. भिजवल्याने आणि मोड आणल्याने काही प्रमाणात कमी होतो. बराचसा निकामी होतो तो नीट शिजवल्याने. आजी सोलत होती ती चवीसाठी, आणि शिजवत होती म्हणून नातवंडांना बिरडं पचत होतं. कुठली पायरी कशासाठी, हे वेगळं करून सांगायला टेबल, ट्रिप्सिन, मोजमाप आणि चिकाटीचे विद्यार्थी लागतात. भूक असलेल्या देशात, जिथे इंधनही महाग, तिथे किती वेळ शिजवावं हा प्रश्न शोभेचा नव्हता.

*

कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गाबाई भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, ‘ऋतुचक्र’च्या लेखिका, आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. एका बहिणीने पदार्थ कसा करायचा हे लिहिलं आणि दुसरीने तो पोटात गेल्यावर काय होतं हे तपासलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दुर्गाबाईंची जागा पक्की आहे, ती त्यांनी लिहिलेल्या पानांमुळे. कमलाबाईंनीही पानं लिहिली. ती इंग्रजीत आहेत, कोरडी आहेत, तक्त्यांनी भरलेली आहेत, आणि त्यांचा मराठीत अनुवाद झालेला नाही. तो होण्यासारखा आहे. त्यातली वाक्यं सोपी असतात. अडचण संज्ञांची येते, आणि त्या या देशाच्या भाषांनी कधीच्या घडवून ठेवल्या आहेत.

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत उतरल्या. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या सदस्य होत्या आणि पुढे अध्यक्षही झाल्या. ‘कीमत’ या संस्थेच्या मासिकात त्या लिहीत, भेसळ कशी ओळखायची ते गृहिणींना दाखवत. हे काम संशोधनापेक्षा वेगळं होतं असं वाटत नाही. दुधात काय आहे, हा प्रश्न तोच होता. फक्त आता तो प्रयोगशाळेबाहेर, नळाच्या पाण्याने आणि आयोडिनच्या थेंबाने विचारला जात होता.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. त्या सभागृहात त्यांच्याविषयी जे बोललं गेलं असेल त्यात रामन यांचं दार नक्कीच असेल. ते असू द्यावं. मुलांसाठी धडा लिहिणाऱ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं, की दार उघडल्यानंतर एक परिच्छेद बटाट्याच्या श्वासाचा घाला आणि एक वालाचा. मग वर्गातल्या एखाद्या मुलीला दाराशी भांडायचं कशासाठी, हेही कळेल.